आधी हातांत घेतले, मग सांगितले



मे महिना पवित्र मरियेचा. आपल्या धर्मग्रामात या महिन्यात रोज संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी रोझरी असते. बडोद्याचा उन्हाळा तुम्हाला ठाऊकच आहे. सात वाजले तरी भिंती तापलेल्याच असतात. माळ संपली की घरची बाई वरियाळीचे सरबत आणते आणि पंख्याखाली चटईवर गप्पा सुरू होतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात वर्षभर जे कुणी विचारत नाही, ते या सरबताच्या वेळी विचारले जाते. यंदा तीन वेगवेगळ्या घरांत एकच प्रश्न आमच्यापुढे आला. एका घरी सुनेने विचारला, दुसऱ्या घरी सासूने, तिसऱ्या घरी दारात उभ्या असलेल्या नवऱ्याने. "मास्तर, मूल देवानं दिलंय. जसं येईल तसं आमचंच. मग एवढ्या तपासण्या कशाला?"

या प्रश्नाला हसू नये. त्यात खरी श्रद्धा आहे. मूल जसे येईल तसे घरात घ्यायचे, हे ज्या बाईने मनाशी पक्के केले आहे, तिने शुभवर्तमानातला अवघड भाग आधीच पार केला आहे. पण थोडा वेळ बसले की त्या प्रश्नामागची भीतीही बाहेर येते. तपासणीत काही निघाले तर डॉक्टर "पाडून टाका" म्हणतील का? घरचे काय म्हणतील? खर्च किती येईल? आणि सगळ्यात खोल गेलेली भीती: काही निघालेच, तर ते आपल्यामुळे म्हणायचे का?

आम्ही कला शाखेचे. जीवशास्त्राशी आमचा संबंध दहावीत संपला. तरी गेली काही वर्षे धर्मग्रामातल्या एका निवृत्त परिचारिका ताईंबरोबर आम्ही घरोघरी भेटी देतो आणि दवाखान्याच्या बाकांवरही पुष्कळ बसतो. तेथे जे ऐकले, विचारून घेतले आणि ताईंकडून पुन्हा पुन्हा समजून घेतले, त्यातले काही येथे लिहितो.

३१ मे रोजी आपण मरियेने अलिशिबेला दिलेल्या भेटीचा सण साजरा करतो. लूकच्या पहिल्या अध्यायात ही गोष्ट आहे. अलिशिबा वयाने मोठी होती, मूल होण्याची आशा सुटलेली होती. दिवस राहिल्यावर पाच महिने ती लोकांसमोर आली नाही. सहाव्या महिन्यात मरिया डोंगराळ प्रदेशातून तिच्या घरी गेली आणि जवळजवळ तीन महिने राहिली. आपण या भेटीत मरियेचे गीत ऐकतो, पोटातल्या बाळाने उडी मारल्याचे ऐकतो. ते तीन महिने मात्र आपण एका वाक्यात ओलांडून जातो. उतारवयातली पहिलटकरीण, आजच्या आशाबेनच्या भाषेत अलिशिबा ही 'जोखमीची माता' होती.

आज तिच्या कार्डावर लाल स्टिकर लागला असता. २०१६ पासून देशभर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गर्भवतींची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान असे तिचे नाव. चौथ्या महिन्यापासून पुढच्या बायकांसाठी ती आहे. ज्या मातेला धोका दिसत नाही तिच्या कार्डावर हिरवा स्टिकर लावतात आणि जिच्याकडे जास्त लक्ष द्यायला हवे तिच्या कार्डावर लाल. आमच्या ओळखीच्या एका घरात तो लाल स्टिकर सासूबाईंनी नखाने खरवडून काढला होता. "लाल म्हणजे अपशकुन. बाईचं मन खचेल." त्यांचा हेतू वाईट नव्हता. पण ऐन रात्री कळा सुरू झाल्या आणि बाई अनोळखी नर्ससमोर गेली, की त्या नर्सला एका नजरेत सावध करणारी खूण तीच आहे. तो स्टिकर लाज म्हणून लावलेला नसतो. आता आम्ही घरभेटीत आधी तो स्टिकर शाबूत आहे का ते पाहतो. ताई म्हणतात, लाल स्टिकरवाल्या बाईकडे मरियेसारखे कुणी तीन महिने राहायला जाईल का, तेवढे विचारा.

बुधवारी आंगणवाडीत ममता दिवस असतो. वजन, रक्तदाब, बोटातून रक्ताचा थेंब, लघवी. बायकांना हे कंटाळवाणे वाटते, कारण दर वेळी तेच. पण रक्तदाब वाढतो तेव्हा दुखत नाही. लघवीतून प्रथिने जाऊ लागतात ती डोळ्यांना दिसत नाहीत. हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेले तर पंडुरोग म्हणतात आणि ७ च्या खाली गेले तर बाळंतपणात थोडा रक्तस्रावही जिवावर बेततो. तरी अशी बाई घरी पाणी भरत असते आणि "जरा थकवा आहे" एवढेच म्हणते. साखरेसाठी ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आले तर गरोदरपणातला मधुमेह. रक्तगटाचीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आई आरएच निगेटिव्ह आणि बाप पॉझिटिव्ह असेल तर पहिल्या बाळाला सहसा काही होत नाही, म्हणून घर निर्धास्त राहते. त्रास पुढच्या बाळाला होतो. अठ्ठाविसाव्या आठवड्याला आणि मग बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास जन्मानंतर ७२ तासांच्या आत दिलेल्या इंजेक्शनाने ते टळते. हे सगळे एका कागदावर मावणारे ज्ञान आहे. त्यात श्रद्धेला धक्का लागण्यासारखे काही नाही.

धक्का लागतो तो दुसऱ्या प्रकारच्या तपासण्यांनी. तिसऱ्या महिन्यातली बाळाच्या मानेमागच्या जागेची सोनोग्राफी, डबल मार्करची रक्ततपासणी, पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचा अवयवन् अवयव पाहणारी सोनोग्राफी. यातल्या रक्ततपासणीचा कागद हातात पडला की पुष्कळांच्या पायांखालची जमीन सरकते. एका जोडप्याच्या कागदावर धोका 'दीडशेत एक' असा छापला होता. घरी दोन दिवस चूल पेटली नव्हती. ताईंनी त्यांना बोटावर हिशेब करून दाखवला: असा कागद मिळालेल्या दीडशे बायका एका रांगेत उभ्या केल्या, तर त्यांतल्या एकशे एकोणपन्नास जणींच्या बाळाला तो दोष नसतो. हा निकाल नसतो, ही चाळणी असते. चाळणीत वर राहिलेल्या प्रत्येक दाण्यात खडा असतोच असे नाही. तो हातात घेऊन पुन्हा पाहायचा एवढेच. ही गोष्ट कागद देतानाच कुणी सांगितली तर किती घरांची झोप वाचेल!

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मूल जसे असेल तसे घ्यायचेच आहे, तर मग कशाला पाहायचे? आम्हाला जे उमगले ते असे. मूल घ्यायचे की नाही, हे तपासणीने ठरवायचे नाही. ते आधीच ठरलेले आहे. तपासणीने ठरवायचे ते पुढचे: या बाळासाठी काय तयारी करायची? जन्म कुठे व्हायला हवा? पहिल्या दिवशी कोणता डॉक्टर जवळ हवा? कोणते औषध कधी सुरू करायचे? प्रत्येक तपासणीपुढे हाच प्रश्न ठेवावा, की हिने बाळाचे किंवा आईचे काय भले होणार आहे. उत्तर मिळाले तर जावे. मिळाले नाही तर डॉक्टरांना नम्रपणे पण दोनदा विचारावे.

ख्रिस्तसभेची शिकवणही याहून निराळी नाही. १९८७ साली रोमहून मानवी जीवनाच्या आरंभाविषयी एक सूचनापत्र निघाले आणि १९९५ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी जीवनाच्या शुभवर्तमानाविषयी विश्वपत्र लिहिले. जन्मापूर्वीच्या तपासणीला या दोन्हींत सरसकट बंदी नाही. आईला आणि बाळाला अवाजवी धोका नसेल, लवकर उपचार व्हावेत किंवा आईबापांनी समजून-उमजून शांतपणे बाळाचा स्वीकार करावा हा हेतू असेल, तर ती तपासणी योग्यच आहे. दोष निघाल्यास बाळाला नाहीसे करायचे, या इराद्याने केलेली तपासणी मात्र ख्रिस्तसभा मान्य करत नाही. देशाचा कायदा काही परिस्थितींत गर्भपाताला मुभा देतो आणि दवाखान्यात तो पर्याय तुमच्यापुढे मांडला जाऊ शकतो. तो मांडला गेला म्हणून घाबरून तपासण्याच सोडू नका. नाही म्हणण्याचा हक्कही तुमचाच आहे, आणि डॉक्टरशी भांडण न करता नाही म्हणता येते.

येथे जेरोम लेजून यांची आठवण होते. हे फ्रान्समधले बालरोगतज्ज्ञ आणि श्रद्धावंत कॅथलिक. ज्याला आपण डाउन सिंड्रोम म्हणतो त्या मुलांच्या पेशींत एक गुणसूत्र जास्त असते, हे १९५९ साली त्यांनी सहकाऱ्यांसह जगापुढे मांडले. कारण कळले म्हणजे इलाज सापडेल, ही त्यांची आशा होती. त्या मुलांच्या आईबापांवर लोक नाही नाही ते आळ घेत, ते तरी या शोधाने थांबतील असे त्यांना वाटले. पुढे त्याच ज्ञानाचा उपयोग त्या मुलांना जन्मच नाकारण्यासाठी होऊ लागला आणि त्याविरुद्ध ते मरेपर्यंत बोलत राहिले. २०२१ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'वंदनीय' घोषित केले. आम्हाला त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ज्ञानाचा गैरवापर झाला म्हणून त्यांनी सूक्ष्मदर्शक फेकून दिला नाही. ते शेवटपर्यंत त्या मुलांना तपासत राहिले.

मुलगा की मुलगी हे पाहण्याबद्दल फार लिहीत नाही. ते पाहायला महाराष्ट्रात १९८८ साली आणि मग देशभर १९९४ च्या कायद्याने बंदी आली. ती का आणावी लागली, ते २००१ च्या जनगणनेत गुजरातच्या सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचा आकडा पाहिला की कळते: हजार मुलग्यांमागे ८८३ मुली. आपण ख्रिस्ती म्हणून या पापातून आपोआप सुटलो, असे म्हणायची आमची छाती नाही.

आता आपल्या घरच्या दुखण्याकडे येतो, ज्यासाठी हा लेख खरे म्हणजे लिहायला घेतला. आपला बडोदा धर्मप्रांत १९६६ साली स्थापन झाला तेव्हापासून त्याचा मोठा भाग म्हणजे दक्षिण गुजरातचा आदिवासी पट्टा आहे. आपल्या मराठी मिस्सेलाही नंदुरबार जिल्ह्यातून, नवापूर-अक्कलकुव्याकडून कामासाठी येथे आलेली पुष्कळ कुटुंबे येतात. (नवापूरचे रेल्वे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, तेथले लोक विनोदाने म्हणतात की आमचे तिकीट एका राज्यात आणि गाडी दुसऱ्या.) या साऱ्या पट्ट्यात, हद्दीच्या दोन्ही बाजूंना, सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्तातल्या तांबड्या पेशी गोल राहण्याऐवजी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, असह्य वेदना होतात, रक्त कमी होते आणि लहान मुलांना जंतुसंसर्ग चटकन जिवावर उठतो.

गुजरात सरकारने २००६ साली या आजारासाठी कार्यक्रम सुरू केला. त्या कामाचा पाया घालणाऱ्यांपैकी वलसाडचे यझदी इटालिया यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल येथून राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याची समस्या उरू द्यायचा नाही, असे तिचे उद्दिष्ट आहे. गर्भवतींची तपासणीही त्यातच येते.

हा आजार आईबापांकडून येतो, आणि दोघांकडून यावा लागतो. एकाकडूनच आला तर माणूस वाहक होतो. तो सहसा धडधाकट असतो आणि त्याला पत्ताही नसतो. दोघे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि काहीच नसण्याची चारात एक. 'प्रत्येक गरोदरपणात' हे शब्द लक्षात ठेवा. पहिल्या मुलाला आजार निघाला म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशेब पुष्कळ घरांत करतात. तो चुकीचा आहे. दर वेळी चिठ्ठ्या नव्याने टाकल्या जातात.

आणि मग तो खोल गेलेला प्रश्न येतो: हे कुणामुळे? योहानच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे पाहून शिष्य येशूला हेच विचारतात, की पाप याने केले की याच्या आईबापांनी. येशू दोन्ही नाकारतो. देवाचे कार्य या माणसाच्या ठायी प्रकट व्हावे, असे सांगतो. आणि सांगून थांबत नाही, मातीचा लेप करून कामाला लागतो. विज्ञानही आपल्या परीने तेच म्हणते. सिकलसेलचा वाहक असलेल्या मुलाला मलेरियाच्या गंभीर रूपापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलपट्ट्यात, जेथे मलेरियाने पाळणेच्या पाळणे रिकामे होत, तेथे या गुणानेच पिढ्यान्पिढ्या मुले जगवली. ज्या रक्ताला आपण शाप म्हणतो त्यानेच आपल्या आज्या-पणज्यांना वाचवले असण्याचा संभव आहे.

आपल्याकडच्या एका कुटुंबाविषयी लिहितो. त्यांना विचारून लिहीत आहे. नावगाव सांगणार नाही. त्यांचा थोरला मुलगा वर्षाच्या आत असतानाच हातापायांची बोटे सुजून रडायचा. घरचे म्हणाले वात आहे. तेल चोळले, नवस बोलले. दुसऱ्या वर्षी न्यूमोनिया झाला, मुलगा हातचा जातो की काय अशी वेळ आली, आणि तेव्हा रक्त तपासले गेले. सिकलसेल. नवरा-बायको दोघे वाहक. आजीने सुनेच्या माहेराला बोल लावला. सुनेने काहीच म्हटले नाही. रविवारी मिस्सेला यायची ती बंद झाली.

गेल्या वर्षी तिला पुन्हा दिवस राहिले. नात्यातल्या काहींनी "आताच मोकळी हो" असा सल्ला दिला. दवाखान्यात सांगण्यात आले की पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते. त्यासाठी सुईने वारेचा अंश किंवा गर्भजल काढावे लागते आणि त्यात गर्भ पडण्याचा थोडा धोका असतो. दोघे फादरांकडे आले, आम्हीही तेथे होतो. फादरांनी त्यांच्यासाठी निर्णय घेतला नाही. त्यांनी एवढेच विचारले, "आता कळल्याने बाळासाठी काय वेगळं करता येईल?" ते उत्तर त्यांनी डॉक्टरांकडून आणले. सिकलसेलचे बाळ पहिले काही महिने बरेच असते, कारण पोटात असतानाचे रक्त त्याला सांभाळते. औषध साधारण दुसऱ्या महिन्यापासून सुरू करायचे असते. म्हणजे जन्मल्याबरोबर तपासले तरी उशीर होत नाही. दोघांनी ठरवले की सुई नको, जन्माच्या वेळी बाळाचे रक्त घ्यायचे. दुसऱ्या एखाद्या आजारात उत्तर वेगळे आले असते. हृदयाचा मोठा दोष असेल तर तो जन्माआधी कळलेलाच बरा, म्हणजे शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणीच बाळंतपण करता येते.

नोव्हेंबरात मुलगी झाली. टाचेतून रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून घेतले. मोठ्यांची करतात ती नळीतली साधी तपासणी नवजात बाळाला उपयोगी पडत नाही, यंत्रावर करावी लागते. अहवाल यायला दिवस गेले. आजार आहे, असा अहवाल आला.

बाळाच्या आईबापांना अशी बातमी कशी सांगावी, याचा धडा लूकच्या दुसऱ्या अध्यायात आहे. मरिया आणि योसेफ चाळीस दिवसांचे बाळ घेऊन मंदिरात येतात. गरीब माणसे, अर्पणाला पक्ष्यांची जोडी. म्हातारा शिमोन तेथे आहे. त्याला त्या आईला एक अवघड गोष्ट सांगायची आहे, की तुझ्या जिवातून तरवार आरपार जाईल. पण तो आधी काय करतो? आधी बाळ हातांत घेतो. देवाची स्तुती करतो. मग आईबापांना आशीर्वाद देतो. आणि त्यानंतर सांगतो. खोटा धीर देत नाही, काही लपवतही नाही. पण हातांत बाळ घेतलेल्या माणसाने सांगितलेली ती गोष्ट आहे. मग म्हातारी हन्ना येते आणि या बाळाविषयी सगळ्यांशी आनंदाने बोलू लागते.

त्या दिवशी अहवाल घेऊन ताई त्यांच्या घरी गेल्या तेव्हा त्यांनी कागद पिशवीतच ठेवला होता. आधी हात धुतले, मुलीला मांडीवर घेतले, तिच्या टाळूवर हात फिरवला. "नाकाडोळ्यांनी आजीवर गेली आहे," म्हणाल्या. आजी तेथेच बसली होती. मग सांगितले. शिमोनाची आठवण आम्हाला घरी परतल्यावर झाली. ताईंना आम्ही ती बोलून दाखवली नाही, त्यांना असले आवडत नाही.

मुलगी आता सहा महिन्यांची आहे. तिला दिवसातून दोनदा पेनिसिलिन देतात, ते पाच वर्षांची होईपर्यंत द्यायचे आहे. १९८६ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात एवढ्या साध्या औषधाने अशा मुलांमधले न्यूमोनियाच्या जंतूंचे गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले; जन्मताच तपासणी करण्याला तेव्हापासून खरा अर्थ आला. तिची लस चुकवायची नाही. ताप आला तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. डाव्या बरगडीखाली हात ठेवून पांथरी वाढली आहे का, ते पाहायला आईला शिकवले आहे. या उन्हात बाळाच्या अंगातले पाणी कमी होऊ द्यायचे नाही. थोरल्याच्या वेळी यातले काहीच कुणी सांगितले नव्हते, कारण कुणाला ठाऊकच नव्हते. आजी अजूनही अधूनमधून माहेराचा विषय काढते. औषधाची वेळ मात्र तीच पाळते.

टाचेच्या त्या थेंबातून आणखीही काही कळते. रॉबर्ट गथ्री नावाच्या अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने १९६०च्या सुमारास ही कागदावर थेंब टिपण्याची रीत रूढ केली. त्यांचा स्वतःचा मुलगा मतिमंद होता आणि मेहुणीच्या मुलीला असा आजार होता, की जन्मताच कळता तर आहार बदलून तिची बुद्धी वाचली असती. आपल्याकडे सगळ्यात महत्त्वाची आहे ती थायरॉइडची तपासणी. भारतात साधारण हजार-अकराशे बाळांमागे एकाची थायरॉइड ग्रंथी जन्मतःच काम करत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत स्वस्तातली गोळी सुरू झाली तर मूल चारचौघांसारखे वाढते; तसे झाले नाही तर बुद्धी कायमची खुंटते. बाळ तर अगदी शांत, गोंडस, फारसे न रडणारे दिसते, आणि घरचे कौतुक करत राहतात. गोव्याने २००८ सालीच नवजात बाळांच्या अशा तपासणीचा राज्यव्यापी कार्यक्रम सुरू केला होता. आपल्याकडे ती सगळीकडे आपोआप होत नाही, म्हणून घरी सोडण्याआधी विचारून घ्या. शक्यतो जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी. ऐकू येण्याची तपासणीही विचारा. वेळेआधी जन्मलेल्या बाळाचे डोळे महिन्याच्या आत दाखवा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत आहेत. वाकडे पाऊल, दुभंगलेला ओठ, हृदयाचे छिद्र यांसाठी कर्ज काढण्याआधी तेथे जा. आशाबेन बाळंतपणानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येते, तिला दारातून परत पाठवू नका. घरी जाऊन बाळ जोखण्याची ही रीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत खेड्यातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली. तेथील नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. 

एक कडू गोष्ट सांगायला हवी. वर लिहिलेल्या सुनेला घरातल्या बोलण्याने त्रास झाला, त्याहून जास्त आपल्या मंडळीतल्या बोलण्याने झाला. कुणाच्या घरी वाहक निघाला, ही बातमी मिस्सेच्या आवारात पसरायला एक रविवार पुरतो. मग लग्नाच्या बोलण्यांत दबक्या आवाजात "त्यांच्यात ते आहे" सुरू होते. अशाने लोक तपासणी करणारच नाहीत. वाहक असणे हा ख्रिस्ती विवाहाला अडथळा नाही. दोन वाहकांनाही कुणी अडवू शकत नाही. पण त्यांनी ते जाणून लग्न करावे, म्हणून विवाहपूर्व मार्गदर्शनात आम्ही आता साखरपुड्याच्या आधीच रक्त तपासायला सांगतो. अहवाल फक्त त्या दोघांच्या हातात जातो. आम्ही तो मागत नाही, फादरही मागत नाहीत.

आणि एका आईला आपण "मूल ठेव, देव आहे" म्हणतो तेव्हा तिची रिक्षा कोण करणार, हेही आपल्यालाच पाहायला हवे. थोरल्या मुलाला कधी कधी रक्त चढवावे लागते; त्यासाठी रक्तगट लिहून ठेवलेल्या वहीत आतापर्यंत एकोणीस जणांची नावे आहेत. दर महिन्याच्या तपासणीला त्या ताईबरोबर एकाने जायचे, आणि घरी थोरल्याजवळ एकाने थांबायचे, अशी पाळी लावली आहे. वही फाटकाजवळच्या खोलीत, मेणबत्त्यांच्या कपाटावर आहे. जून आणि जुलैसाठी नावे आली आहेत. ऑगस्टची जागा अजून रिकामी आहे.